अस्तराचा रंग

मार्गशीर्षातले ऊन जबलपूरच्या विजय नगरात सकाळी दहाच्या सुमारास घरांच्या व्हरांड्यांत उतरते. त्यापूर्वी ते पांढुरके असते आणि बारानंतर पिवळे होत जाते. दहा ते साडेअकरा एवढाच अवधी असा, की ज्यात वस्तूचा रंग वस्तूचाच असतो, उन्हाचा नसतो. अहिंसा चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीतील घरात, लग्नाला अकरा दिवस उरले असताना, काकूंनी हाच अवधी नेमका धरला होता. वेताच्या खुर्चीवर पुतणीला उत्तरेकडे तोंड करून बसविले होते, तिच्या खांद्यावर पांढरा पंचा पसरला होता आणि कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे येणाऱ्या जबड्याच्या कडेवर चार बाटल्यांतील चार रंगांच्या चार रेघा शेजारी शेजारी ओढल्या होत्या. काकू मागे सरून, डोळे बारीक करून पाहत होत्या. मुलगी वैतागली होती.

"काकू, झालं का? कुठला तरी एक ठरवा."

"अजून वाळला नाही. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये. घटकाभरानं तो आपला खरा स्वभाव दाखवतो."

या खटाटोपाला कारण होते. महिन्यापूर्वी साखरपुडा झाला, आणि त्याची छायाचित्रे आठवड्यापूर्वी घरी आली. त्या दिवशी मुलीचा चेहरा शहरातल्याच एका ब्यूटी पार्लरमध्ये रंगविला होता. समारंभाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही, पण छायाचित्रात ते लपेना. चेहरा फिकट जांभळट राखेच्या रंगाचा, गळा निराळा, आणि अंगठी घालून घेण्यासाठी पुढे केलेला हात तर तिसऱ्याच कोणा मुलीचा वाटावा असा. मुलीने अल्बम मिटला आणि लग्नाच्या दिवशी आपण चेहऱ्याला काही म्हणजे काही लावणार नाही असे जाहीर केले. आईने आकांत मांडला. दोघींच्या मध्ये काकू उभ्या राहिल्या आणि "हे काम माझ्याकडे द्या," एवढेच म्हणाल्या.

काम त्यांना नवे नव्हते. १९७४ साली लग्न होऊन त्या अमरावतीहून जबलपुरास आल्या. मराठी माणसाला हे शहर परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे आधी सागरकर मराठ्यांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तो १८१७ साली संपला. पुढे तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे, कॉलेजे आणि कचेऱ्या यांनी मराठी कुटुंबांना येथे पुन्हा पुन्हा आणून वसविले. काकूंचे यजमान कॉलेजात संस्कृत शिकवीत. बिऱ्हाड आधी नेपियर टाऊनमध्ये होते. विजय नगरातले स्वतःचे घर पुष्कळ उशिरा झाले. गणेशोत्सवात मराठी मंडळाचे नाटक असे, आणि त्या नाटकाची रंगभूषा तीस वर्षे काकूंनी केली. नागपूरहून येणाऱ्या एका वृद्ध रंगभूषाकाराच्या हाताखाली त्या शिकल्या. त्याच्या पत्र्याच्या पेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि खोबरेल एवढेच सामान असे. काकूंच्या काळात त्यांची जागा पॅनकेकच्या गोल डब्यांनी घेतली. हे पॅनकेक मुळात मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० नंतरच्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी घडविले. गोऱ्या कातडीवरचा रंग प्रखर दिव्यांखाली आणि रंगीत फिल्मवर टिकावा, हा त्यामागचा हेतू. जबलपूरच्या मराठी मंडळाच्या हौशी नटीचा चेहरा त्यांच्या हिशेबात कोठून असणार?

हा हिशेब चुकतो कोठे, हे काकूंना अनुभवाने उमगले होते. त्यासाठी त्यांनी शब्द घेतला तो शिवणकामातला. त्या म्हणत, "कातडीला कापड असतं आणि अस्तर असतं. कापड गोरं की सावळं ते कोणालाही दिसतं. अस्तर कोणत्या रंगाचं आहे ते मात्र बघावं लागतं." काहींचे अस्तर गुलाबी असते. काहींचे हळदीसारखे पिवळे. आणि काहींचे पिवळ्यात किंचित निळे मिसळावे तसे हिरवट. पुतणीचे अस्तर हे तिसऱ्या जातीचे होते. हिरवट अस्तरावर गुलाबी रंग चढविला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि मधून राखाडी रंग वर येतो. साखरपुड्याच्या छायाचित्रात आली होती ती हीच राख.

शास्त्राची भाषा वेगळी असली तरी सांगणे फारसे वेगळे नाही. त्वचेचा रंग एका द्रव्याचा नसतो. मेलॅनिनचा तपकिरी-काळेपणा, रक्तातील हिमोग्लोबिनचा लालपणा आणि कॅरोटिनचा पिवळेपणा यांच्या प्रमाणावर, आणि प्रकाश त्वचेच्या थरांत शिरून विखरून परत येतो त्यावर, तो ठरतो. लालपणा वरच्या थरांत झाकला गेला आणि पिवळा व निळसर भाग वर आला, की डोळ्याला हिरवटपणाचा भास होतो. म्हणूनच ही छटा गोऱ्या माणसात असते, गव्हाळात असते आणि चांगल्या काळ्यासावळ्या माणसातही असते. तिचा उजळपणाशी संबंध नाही. कापड आणि अस्तर या वेगळ्या गोष्टी आहेत, हे काकूंचे म्हणणे येथे शब्दशः खरे ठरते.

जबड्यावरच्या रेघा वाळल्या. पहिली गुलाबीसर होती, ती चुन्याच्या बोटासारखी उठून दिसू लागली. दुसरी पिवळी, ती वाळल्यावर नारिंगीकडे झुकली. तिसरी रंगाने जुळत होती, पण एक छटा उजळ होती. चौथी मात्र जवळजवळ दिसेनाशी झाली. काकूंनी बोट त्या नाहीशा झालेल्या रेघेवर ठेवले.

"ही. जी सापडत नाही ती आपली."

मुलीने बाटली उलटी करून चिठ्ठी वाचली. "काकू, यावर ऑलिव्ह लिहिलंय. मराठीत काय म्हणायचं याला?"

काकू थांबल्या. ऑलिव्ह म्हणजे जैतून, हे हिंदी मुलखात राहिल्याने त्यांना ठाऊक होते. परंतु ते फळ त्यांनी पाहिले होते ते दुकानातल्या बरणीत, खाऱ्या पाण्यात बुडालेले. ज्या झाडाची सावली आपल्या अंगणात कधी पडली नाही, त्याच्या फळावरून आपल्या मुलीच्या गालाचा रंग कसा सांगायचा? भाषांतर करणाऱ्यापुढे ही अडचण नेहमीच येते. परभाषेतील कादंबरीची ऑलिव्हवर्णी नायिका मराठीत येताना गव्हाळ होते किंवा सावळी होते, आणि दोन्ही वेळा काहीतरी सांडते. गव्हाळ म्हटले की अस्तर पिवळे होते. सावळी म्हटले की केवळ कापड उरते, अस्तर जाते.

मराठीत रंगाचे शब्द कमी आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. लुगड्यांच्या दुकानात गेलेल्या कोणत्याही मराठी बाईला विचारावे. मोरपंखी आणि चिंतामणी, अंजिरी आणि आमसुली, डाळिंबी आणि गुलबक्षी, राघू आणि मेंदी, शेवाळी, विटकरी, अबोली यांतला फरक ती झोपेतही सांगेल. नुसत्या हिरव्याला जिच्यापाशी चार नावे आहेत, त्या भाषेने माणसाच्या कातडीपाशी येताच हात आखडता घेतला. गोरापान, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा हे सगळे शब्द ओळीने लावून पाहिले तर ध्यानात येते की ही रंगांची नावे नाहीत. ही एका शिडीच्या पायऱ्यांची नावे आहेत. वरच्या पायरीवर लख्ख गोरेपण आहे आणि प्रत्येक शब्द माणूस त्यापासून किती खाली आहे एवढेच सांगतो. लुगड्याचे शब्द पाहण्यातून जन्मले, कातडीचे शब्द पारखण्यातून. पारख करणाऱ्याला अस्तराशी कर्तव्य नसते, त्याला भाव ठरवायचा असतो.

काकूंना ती शिडी ओळखीची होती. १९७३ साली त्यांच्या स्थळांच्या पत्रव्यवहारात 'मुलगी रंगाने डावी' असे एक कार्ड आले होते. जे नम्र असत ते 'नाकीडोळी नीटस' असे लिहीत, आणि नाकाडोळ्यांचा उल्लेख मुख्यतः रंगाविषयी मौन पाळण्यासाठी असतो हे घरात सर्वांना समजे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, १९७५ मध्ये, 'फेअर अँड लव्हली'ची नळी भारतीय बाजारात आली, आणि गोरेपण हा नशिबाचा भाग न राहता प्रयत्नाचा भाग झाला. म्हणजे सावळेपणात आता आळसाचाही दोष मिसळला. त्या नळीचे नाव २०२० साली बदलले, त्यातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला गेला. परंतु पुतणीच्या विवाहाच्या माहितीपत्रकात 'वर्ण' हे सदर होतेच, आणि तिच्या आईने त्यापुढे 'गोरा' असे टंकून घेतले होते. मुलीने तो शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे ते तिला सुचले नाही. ती जागा रिकामीच राहिली.

यजमान गेल्यावरही त्यांची पुस्तके कपाटात होती, आणि त्यांचे एक बोलणे काकूंच्या मनात होते. नाट्यशास्त्रातील आहार्य अभिनयाचा भाग ते एकदा वर्गासाठी वाचीत होते. भरताने मूळ वर्ण चार सांगितले आहेत: सित, नील, पीत आणि रक्त. बाकीचे यांच्या मिश्रणाने करावयाचे. पांढऱ्यात तांबडा मिसळला की पद्मवर्ण, पिवळ्यात निळा मिसळला की हरित. आणि गौर? काकूंनी सफेदा म्हणून सांगितले. ते हसले. भरताच्या कृतीत गौर होतो तो रक्त आणि पीत यांच्या संयोगाने. त्यात पांढऱ्याचा थेंब नाही.

"म्हणजे हळदीकुंकवाचा!" काकू म्हणाल्या होत्या.

अमरकोशही गौर हा शब्द दोनदा देतो: एकदा पांढऱ्याच्या नामावळीत आणि एकदा पिवळ्याच्या, हळदीच्या रंगाशेजारी. महादेव कर्पूरगौर आहे तो पहिल्या अर्थाने. विजय नगराजवळच्या कचनार सिटीत त्याची शहात्तर फुटी मूर्ती उघड्यावर बसली आहे आणि श्रावणात तेथे गर्दी लोटते. भाद्रपदात घरोघर येणारी गौर मात्र नावाने दुसऱ्या अर्थाच्या जवळची. पुढे केव्हातरी भाषेने पिवळा अर्थ बाजूला सारला आणि पांढरा तेवढा ठेवला. 'श्याम' या शब्दाची कहाणीही अशीच. रामाला दूर्वादलश्याम म्हटले तेव्हा श्याम हा दूर्वेसारखा, म्हणजे हिरव्या अस्तराचा रंग होता. मीनाक्षीला मरकतश्यामा म्हणतात, तेथे तर पाचूच आला. मेघदूतातील यक्षपत्नी श्यामा आहे. मल्लिनाथाने त्या शब्दाचा अर्थ युवती असा दिला. कोशाचा आधार त्याच्यापाशी होता, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. परंतु रंगाचा शब्द वयावर नेला की नायिकेच्या रंगाचा प्रश्न आपोआप मिटतो, हेही खरे. दुसरी एक जुनी व्याख्या श्यामेला तापलेल्या सोन्याच्या कांतीची म्हणते. म्हणजे शब्द होता, त्यात छटाही होत्या. त्या पाहण्याची सवय गेली.

जुन्या पेटीला मात्र निर्दोष मानून चालणार नाही. रंगांच्या मिश्रणाची एवढी सूक्ष्म कृती सांगणारा ग्रंथ त्याच ओघात शक-यवनांना गौर, अंग-वंग-कलिंगांना श्याम आणि दाक्षिणात्यांना असित रंगवायला सांगतो. ब्राह्मण-क्षत्रियांना गौर आणि वैश्य-शूद्रांना श्याम नेमून देतो. शिडी तेव्हाही होती. फरक एवढाच, की रंग कालविणाऱ्याच्या हाताला प्रत्येक रंगाची कृती येत होती, आणि श्याम रंगविणे हेही त्याला गौर रंगविण्याइतकेच कौशल्याचे काम होते.

काकूंच्या हातून हे कौशल्य एकदा सुटले होते. ती गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. हीच पुतणी नऊ वर्षांची असताना मंडळाच्या बालनाट्यात तिला राजकन्येचे काम मिळाले. काकूंनी पेटी उघडली आणि फार विचार न करता गुलाबी पॅनकेकचा डबा घेतला, तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ. राजकन्या म्हटली की हात त्या डब्याकडेच जाई. तीस वर्षांची सवय होती. रंगमंचाच्या दिव्यांखाली मुलगी छान दिसली, टाळ्या पडल्या. रात्री घरी आल्यावर मात्र तिने तोंड धुवायचे नाकारले. समजावले, रागावले, पण ती ऐकेना. तशीच झोपली. सकाळी काकूंनी तिची उशी उचलली तेव्हा अभ्र्यावर गुलाबी डाग होता, आणि मुलगी आरशापुढे उभी राहून गालावर उरलेला रंग बोटाने सारखा करीत होती. ती काही बोलली नाही. काकूही बोलल्या नाहीत. अभ्रा त्यांनी स्वतः धुतला. डाग पहिल्याच पाण्यात गेला.

त्यानंतर काकूंनी मंडळाच्या नाटकांत एक नियम केला. नायिकेला तिच्या गळ्याहून उजळ रंगवायचे नाही. मंडळाच्या बैठकीत कुरकुर झाली. कोणी म्हणाले, मागच्या रांगेला चेहरा दिसणार नाही. काकू म्हणाल्या, दिवा वाढवा.

लग्नाच्या अकरा दिवसांत काकूंनी जे केले ते नाटकाच्या रंगभूषेहून सूक्ष्म होते, कारण येथे मागची रांग नव्हती. बाटलीतली छटा ठरली तरी ती एका उन्हात ठरली होती. भेडाघाटला नावेतून हिंडलेल्या माणसाला उन्हाची ही लबाडी समजावून सांगावी लागत नाही. नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे तेच संगमरवरी कडे सकाळी निळसर, दुपारी डोळे दिपविणारे पांढरे, संध्याकाळी गुलाबी, आणि चांदण्यात तर दगडाचे वाटूच नयेत असे दिसतात. दगड बदलत नाही. मग मंगल कार्यालयातील जांभळ्या दिव्यांनी आणि छायाचित्रकाराच्या झोताने गाल बदलला तर नवल नव्हे. म्हणून काकूंनी तीच छटा एकदा उन्हात, एकदा घरातील पिवळ्या दिव्याखाली आणि एकदा झोत टाकून काढलेल्या छायाचित्रात पाहिली. तिसऱ्या परीक्षेत वरून लावलेली पांढरी पावडर नापास झाली. डोळ्याला न दिसणारी ती पावडर झोतात कपाळावर पिठासारखी उमटली. तिच्याऐवजी पिवळसर पावडर आली, आणि तीही नाकाच्या दोन बाजूंना व कपाळाच्या मध्यावर, बोट टेकवून उचलावे एवढीच.

डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकण्यासाठी मुलीची आई उजळ रंग घेऊन आली होती. काकूंनी तो परत केला. काळपट निळ्यावर उजळ रंग टाकला की त्याचा राखाडी धूर होतो. तेथे आधी नारिंगी छटेचे अगदी पातळ बोट हवे, त्याने निळेपण मरते, आणि मग वरून अंगाचा रंग. ओठांसाठी काकूंनी दुकानदाराचे रंगफलक पाहिलेच नाहीत. लुगड्यांचे शब्द त्यांनी ओठांकडे आणले. फिकट गुलाबी नको, तो हिरवट अस्तरावर खडूसारखा बसतो आणि ओठ आजारी दिसतात. विटकरी चालेल, डाळिंबी चालेल, अंजिरी संध्याकाळी चालेल. शेवटी लागला तो पिकलेल्या रातांब्याच्या सालीचा रंग, तांबड्यात जांभळे मुरलेला. गालांनाही विटकरीचीच पुसट छाया. डोळ्यांना काजळ, पापणीवर तांब्याच्या भांड्याची झिलई असते तसा तांबूस रंग. चंदेरी रंग काकूंनी उघडून पाहिला आणि झाकण लावले. या पापणीवर तो थंड पडत होता.

एक अडचण लग्नघरच निर्माण करते, आणि तिचा विचार पार्लरमध्ये सहसा होत नाही. ती म्हणजे हळद. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला लागलेली हळद धुतली तरी पुरती जात नाही. दुसऱ्या दिवशी कातडीवर तिची पिवळी झाक राहतेच. आठ दिवसांपूर्वी जुळलेली छटा त्या सकाळी जुळेलच असे नाही. काकूंनी बोहोल्याच्या दिवशी पहाटे पुन्हा चार रेघा ओढल्या, आणि ठरलेल्या रंगात पिवळ्या रेघेच्या बाटलीतले दोन थेंब मिसळले. अष्टपुत्री नेसविताना तिचा काठ हनुवटीखाली धरून पाहिला. पिवळ्या वस्त्राची झळाळी हनुवटीवर चढते आणि हिरवटपणा वाढविते. तेवढा भाग त्यांनी विटकरीच्या एका फुंकरीने सावरला.

हिरव्या चुड्याने मात्र उलटे काम केले. हिरव्या काचेशेजारी तेच मनगट एकाएकी तांबूस आणि उबदार दिसू लागले. शेजारचा रंग डोळ्याला आपल्या विरुद्ध रंगाची ओढ लावतो, हे फ्रान्समधील गोबेलिन्सच्या रंगशाळेत काम करणाऱ्या शव्ह्रलने १८३९ साली ग्रंथ लिहून मांडले. कासारणीला तो ग्रंथ वाचायची गरज पडली नाही. आणि हिरव्यावर माणसाची कातडी रंगविणे हे चित्रकलेलाही नवे नाही. इटलीतील जुने चित्रकार चेहरा काढताना आधी हिरव्या मातीचा पातळ थर देत आणि त्यावर गुलाबी व पिवळ्या छटा चढवीत. चेन्निनीच्या सहा शतकांपूर्वीच्या हस्तपुस्तिकेत ती कृती आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरही हिरवी माती आहे, आणि पहिल्या लेण्यातील श्यामवर्णी राजकन्येला कोणी कमी राजकन्या समजले नाही.

सगळे झाल्यावर मुलीची आई खोलीत आली. तिने लेकीकडे पाहिले, मग काकूंकडे. "जाऊबाई, थोडं उजळ करता आलं असतं," ती हलकेच म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. लेकीला सासरी कोणी बोल लावू नये एवढेच तिला हवे होते, आणि तिच्या पिढीने त्यासाठी शिकलेला उपाय एकच होता. काकूंनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलीचा हात उचलून तिच्या गालाशेजारी धरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, तसे होते ते. हात आणि गाल एकाच मुलीचे होते. आईने दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि पदराने उगाचच मुलीच्या कपाळावरची मुंडावळी सारखी केली.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. माळ घालण्यासाठी मुलीने दोन्ही हात उंचावले तेव्हा चेहरा, गळा आणि हात यांच्या मध्ये कोठेही शिवण नव्हती. जेवणाच्या पंगतीत अमरावतीहून आलेल्या एका वृद्ध बाईंनी काकूंना विचारले, "मुलीला आज काही लावलं नाही का हो? पण दिसते मात्र छान." काकूंनी त्यांना श्रीखंड वाढायला सांगितले.

रात्री मुलगी तोंड धुवायला गेली तेव्हा घरात अजून सामान बांधणे चालू होते. ती लगेच परतली. आरशापाशी थांबली नाही. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून ती गप्पांत जाऊन बसली. काकूंनी टॉवेल उचलला. पांढऱ्या कापडावर दिवसभराचा रंग उतरला होता. एकटा, गालावाचून, तो काही सुंदर दिसत नव्हता. वाळत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासारखा, थोडा पिवळा, थोडा हिरवा. काकू तो दिव्याखाली धरून पाहत राहिल्या. त्याला काय म्हणावे ते त्यांना अजूनही सुचले नव्हते.

"काकू, काय बघताय?" आतून मुलीने विचारले.

"काही नाही," काकू म्हणाल्या, आणि टॉवेलाची घडी घातली. तो त्यांनी धुवायच्या कपड्यांत टाकला नाही.